कारंज्याची एक ओळ

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागदच अधिक होते. पदवी झाल्यावर ती पुण्याच्या एका संस्थेत व्यवस्थापनशास्त्राच्या वरच्या परीक्षेचा अभ्यास करते. विषय आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले आहे आणि त्या कर्जावर तिच्या वडिलांची सही आहे. तिचे वडील म्हणजे माझे भाऊजी. कारंज्यापासून थोड्या अंतरावर त्यांची कोरडवाहू शेती; तीत कापूस, तूर आणि सोयाबीन.

मी चित्रकलेचा शिक्षक. माझी शाळा मॅट्रिकपाशी थांबली. पुढे चित्रकलेचे शिक्षण घेतले, नोकरी लागली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. इतिहासाचे मास्तर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे येतो, एवढाच माझा इतिहासाशी सरकारी संबंध. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते पंडिताचे नव्हे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

भाचीला सुट्टीत सोडवावयास एक प्रश्न दिला होता. प्रश्न असा : सूतगिरणीने रुई कोठून घ्यावी? देशातली, की ब्राझीलची? २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवले होते. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के जकात बसवली, कपडे निर्यात करणारे अडचणीत आले, त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून ही सवलत. या तिन्ही गोष्टी जमेस धरून गिरणीच्या व्यवस्थापकाला सल्ला द्यावयाचा होता.

"काय सल्ला दिलास?" मी विचारले.

ती थोडी घुटमळली. मग हळू आवाजात म्हणाली, "मामा, बाहेरूनच घ्या असं येतं हिशेबानं. पण बाबांना सांगू नका."

भाऊजी तेव्हा अंगणात कापसाच्या ढिगाशी बसून मोबाइलशी झगडत होते. त्या वर्षी हमीभावाने कापूस विकावयाचा तर नोंदणी मोबाइलवरच्या ॲपवर करावयाची होती. हमीभाव होता लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१०. माल सरकारी खरेदीत घालावयाचा तर ओलावा बाराच्या वर चालत नाही, आणि कार्तिकात अवकाळी पावसाने भिजलेल्या कापसाला बाराच्या आत आणणे म्हणजे ऊन विकत आणण्यासारखेच. गावात आलेला एक खाजगी व्यापारी बराच खालचा भाव सांगून गेला होता.

भाचीच्या कागदांत आणखी एक वस्तू होती, आणि हा लेख खरे तर तिच्यासाठी आहे. शेतमालाच्या बाजारपेठेवरचे एक पाठ्यपुस्तक. त्यात एका प्रकरणाच्या आरंभी एक ओळ होती. तिचा अर्थ एवढाच, की भारतातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने सुरू झाला. ओळ संपली. पुढच्या ओळीत पुस्तक १८९७ साली जाऊन पोहोचले होते.

"मामा, हे आपलं कारंजा?" तिने विचारले.

आपलेच. ज्या गावाच्या बाजारात तिच्या आजोबांनी कापसाच्या बैलगाड्या नेल्या, ते. पुण्याच्या वर्गात सत्तर मुले ही ओळ वाचतात आणि पुढे जातात. त्या ओळीत काय काय दडपून बसवले आहे ते मी तिला चार दिवस तुकड्यातुकड्याने सांगितले. तेच इथे मांडतो.

आधी तिच्या विद्येविषयी दोन शब्द. ही विद्या फार तरुण आहे. व्यापाराची शाळा पॅरिसला १८१९ साली निघाली, हार्वर्डची १९०८ साली. आपल्याकडे दावरांचे कॉलेज मुंबईत १९०० साली निघाले आणि सिडनहॅम कॉलेज १९१३ साली. परदेशी व्यापार हाच मुख्य विषय धरून उच्च शिक्षण देणारी संस्था अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९४६ साली निघाली, तीही महायुद्ध संपल्यावर मोकळ्या पडलेल्या एका विमानतळावर! वैमानिक गेले आणि त्यांच्या बराकींत व्यापारी शिकू लागले. आपल्याकडे अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्था १९६१ च्या. पहिलीला हार्वर्डचा हात होता. परदेशी व्यापाराची दिल्लीची संस्था १९६३ ची, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. भाचीच्या वहीत ज्यांची नावे येतात ते व्हर्नन, पर्लम्यूटर, हॉफस्टीड हे सगळे १९६६ ते १९८० या काळातले. म्हणजे विद्या तरुण. पण जिच्यावर ती उभी आहे तो धंदा आपल्या वऱ्हाडात तिच्या कितीतरी आधीचा आहे.

कारंजा हे मुळात कापसाचे नव्हे, पैशाचे गाव. लाडांच्या पेढ्या, जैनांची भट्टारक पीठे आणि त्यांचे हस्तलिखितांचे भांडार, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या त्या कारंज्यावरच, यावरून गावाच्या तिजोरीची कीर्ती कुठवर गेली होती ते कळते. असो. तो विषय वेगळा आणि मोहाचा आहे.

१८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला. मुलूख नावाने निजामाचा, कारभार इंग्रजांचा. आणि तो कारभार चाले हैदराबादेतल्या इंग्रज रेसिडेंटच्या सहीने. पुस्तकातल्या ओळीत 'हैदराबाद रेसिडेन्सी' हा शब्द का आला ते यावरून उलगडेल. कारंज्याच्या बाजाराचा हुकूम मुंबईहून निघाला नाही, नागपुरातूनही नाही.

इंग्रजांना वऱ्हाड कशासाठी हवा होता, हे सांगावयास नको. काळी जमीन आणि कापूस. १८६१ साली अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली. मँचेस्टरच्या मालकांनी नकाशा पसरला आणि बोट आपल्यावर ठेवले. चार वर्षे भाव असे चढले, की मुंबईत बँका आणि कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि प्रेमचंद रायचंदांसारखा माणूसही त्यात सापडला. ही मुंबईची कथा पुष्कळांनी लिहिली आहे. वऱ्हाडातल्या कुणब्याने त्या चार वर्षांत ज्वारीच्या रानात कापूस पेरला आणि पाचव्या वर्षी काय केले, ही कथा फारशी कोणी लिहिली नाही. मी एका कादंबरीत ती घालून पाहिली. संपादकांनी भावाचे आकडे तेवढे गाळावयास सांगितले. आकडे गाळले तर उरते काय, हे मी त्यांना विचारले नाही.

युद्ध संपले तरी वऱ्हाड सुटला नाही. १८६७ साली रेल्वे भुसावळवरून नागपूरला पोहोचली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. १८७० साली समुद्राखालून तार मुंबईला लागली आणि त्याच वर्षी खामगावाला रेल्वेचा फाटा आला. त्याच्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होते. या चार गोष्टी चार वर्षांच्या आत घडल्या! भाचीच्या वहीत 'जागतिक पुरवठा साखळी' असा एक मोठा शब्द आहे. मी तिला म्हटले, ही बघ ती साखळी, कडी न् कडी. तार येण्यापूर्वी लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात पत्राने पोहोचावयास आठवडे लागत. त्यानंतर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दलालाच्या कानी येऊ लागला. दलालाच्या कानी, शेतकऱ्याच्या नव्हे. हा फरक तिने वहीत लिहून घेतला.

परदेशी पेढ्याही आल्या. रॅली बंधू मूळचे ग्रीसमधल्या खिऑस बेटावरचे, पेढी लंडनची. व्होल्कार्ट बंधू स्विट्झर्लंडचे. त्यांनी १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई या दोन्ही गावी एकाच वेळी दुकान मांडले. ज्या देशाला समुद्रच नाही त्या देशातल्या गावाने खामगावात कापूस खरेदीचा माणूस बसवावा, याहून अधिक आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन ते कोणते? पुढे जपानी पेढ्या आल्या. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या मालाचे नाव होते 'ऊमरा'. उमरावती, म्हणजे आपली अमरावती. तिचे शेपूट तोडून झालेला हा शब्द. त्या 'ऊमरा'त कारंजा, वाशीम, मंगरूळ, रिसोड सगळे एकाच गाठीत दाबलेले असे.

आता कारंज्याच्या बाजाराचे मूळ कारण. परदेशी खरेदीदाराची एक तक्रार सारखी चाले : हिंदुस्थानचा कापूस घाणेरडा. त्यात पाती असते, सरकी असते, वजन वाढावे म्हणून पाणी मारलेले असते, लांब धाग्यात आखूड धागा मिसळलेला असतो. तक्रार खोटी नव्हती. मुंबई सरकारने १८६३ सालीच कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला होता. पण लबाडी कोण करी, हा प्रश्न सोपा नव्हता. शेतकरी, सावकार, खेड्यातला खरेदीदार, अडत्या, दलाल, जिनवाला, मुंबईचा व्यापारी, आणि मग जहाज. या उतरंडीत पाणी कोणत्या मडक्यात पडले हे मँचेस्टरला बसून कसे कळावे?

इथे बणी आणि जरी यांची हकीकत सांगितली पाहिजे; मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बणी हा वऱ्हाडाचा जुना कापूस. धागा लांब, मऊ. पण उतारा कमी आणि शंभर शेरांतून रुईही कमी निघे. जरीचा धागा आखूड आणि राठ. पण झाड भरपूर पिके आणि रुईचे प्रमाणही चांगले. साहेबांना बणी हवी होती आणि कुणबी जरी पेरीत चालला होता. साहेबांच्या कागदांत त्याला अडाणीपणा असे नाव पडले. पण नीट पाहा. बाजारात दोन्ही कापूस एकाच ढिगात जात आणि भावातला फरक शेतकऱ्याच्या पदरात पडत नसे. मग लांब धागा पिकवून त्याने कमी पैसे का घ्यावेत? कारंज्यापासून लिव्हरपूलपर्यंतच्या त्या साऱ्या साखळीत बिनचूक हिशेब करणारा व्यवस्थापक मला एकच दिसतो, आणि तो अंगठा उठवीत होता.

तर १८८६ साली कारंज्याला कापसाचा बाजार नियमाखाली आणला. ठरलेली जागा, तपासलेली वजने, दलाल-मापाऱ्यांवर देखरेख. हेतू सरळ होता : मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध रुई वाजवी भावात मिळावी. 'वाजवी' हा भाव कोणाच्या बाजूने वाजवी, हे सांगण्याची गरज त्या वेळी कोणास वाटली नसावी. १८९७ साली 'बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट लॉ' हा कायदा झाला आणि जी रीत कारंज्यात घालून पाहिली ती वऱ्हाडभर पसरली. रेसिडेंटने बाजार जाहीर करावा, त्यावर समिती नेमावी, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने द्यावेत, नियमाबाहेरची कटती बंद करावी. कायदा देशातला पहिलाच, आणि कागदावर चांगला. कटती म्हणजे काय हे ज्याने सोसले त्याला विचारावे : गाडीतून उतरवताना सांडले म्हणून, माती म्हणून, धर्मादाय म्हणून, हमालाच्या पोराला म्हणून, दर मणामागे मूठमूठ. आणि सौदा रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. मालक बाजूला उभा राहून रुमालाकडे पाही. नव्या कायद्याने बोटांवरचा रुमाल एकदम उडाला असे नाही, पण तराजूवर कोणाचा तरी डोळा आला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

मात्र त्या समितीत शेतकऱ्याला धड जागा नव्हती. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने अहवाल दिला. त्यात वऱ्हाडच्या बाजारांची दखल घेतली आणि देशभर असे बाजार व्हावेत अशी शिफारस केली. पण पिकवणाऱ्याला समितीत पुरेसे स्थान नाही हे वैगुण्यही पुढे आले. मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा आदल्याच वर्षी, १९२७ साली झाला होता. महाराष्ट्र राज्याचा बाजार समिती कायदा १९६३ चा; त्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले. १८८६ ते १९६३. कारंज्याचा बाजार नियमाखाली आला त्या वर्षी जन्मलेले पोर तोवर सत्त्याहत्तर वर्षांचे झाले असेल, जगले असेल तर.

जगले असेल तर, असे मी उगाच म्हणत नाही. १८९७ चा कायदा झाला त्याच्या आगेमागे, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, वऱ्हाडात दोन भीषण दुष्काळ पडले. लक्ष्मण सत्या यांचे 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे १९९७ साली आलेले पुस्तक याच काळावर आहे. कापूस पेरणारा माणूस ज्वारी विकत घेतो, आणि ज्या वर्षी कापूस गेला त्या वर्षी ज्वारी महागते. भाचीच्या पुस्तकात तौलनिक लाभाचे तत्त्व आहे. रिकार्डोने ते १८१७ साली मांडले. ज्याला जे चांगले पिकते त्याने तेच पिकवावे आणि बाकीचे बाजारातून घ्यावे. तत्त्वात चूक नाही. बाजारात घ्यावयास ज्याच्या हाती काही उरले नाही त्याने काय करावे, एवढे तेवढे त्यात लिहावयाचे राहिले.

तिसऱ्या दिवशी भाचीला घेऊन कारंजा स्टेशनवर गेलो. किलिक निक्सन या इंग्रज पेढीने काढलेल्या कंपनीने मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत ही अरुंद रूळवाट घातली. रुंदी अवघी अडीच फूट. खेड्यातला कापूस मोठ्या लाइनवर नेऊन टाकावयाचा, तेथून मुंबई, तेथून मँचेस्टर. १९२१ साली मँचेस्टरलाच बांधलेले इंजिन १९२३ पासून या वाटेवर धावले ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेलचे आले. देशातल्या रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, पण ही वाट कंपनीचीच राहिली आणि सरकार तिच्यावर कराराने गाडी चालवी. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. आता ती बंद आहे, रुळांवर गवत आहे. मी लहानपणी तिच्या खिडकीत बसून मूर्तिजापूरला गेलो आहे. वाटेत माणसे उतरत, बोरे तोडत आणि पुन्हा चढत. भाचीने रुळाचा फोटो काढला. म्हणाली, "मामा, मालकी एका देशात, चालवणारा दुसऱ्या देशात, माल तिसऱ्याचा. हे तर आमच्या पेपरात जसंच्या तसं येतं."

"पण तुझ्या पेपरात तो तिसरा येतो का?" मी विचारले. ती काही बोलली नाही.

भाऊबीजेच्या रात्री तिने आपण होऊन तो कागद वडिलांपुढे ठेवला. भाऊजींनी चष्मा लावला. कागद इंग्रजीत, तिने अर्थ सांगितला. २०२३-२४ पासून ब्राझील कापसाच्या निर्यातीत अमेरिकेच्याही पुढे गेला आहे, तिथली शेते हजारो एकरांची, वेचणी यंत्राने, माल स्वच्छ, गाठीगाठीवर धाग्याची नोंद. शुल्क उठल्यावर तो गिरणीला कितीला पडतो, आपला कितीला पडतो. शेवटी गिरणीने काय करावे.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे भाव खंडीचे हायेत ना?"

"हो बाबा."

खंडी म्हणजे ७८४ पौंड, ३५६ किलो रुई. मुंबईत साहेबांच्या काळी रुईचा भाव खंडीवर चाले, आणि आजही तो खंडीवरच बोलला जातो. ३९२ पौंडांच्या दोन गाठी म्हणजे एक खंडी. शेतकऱ्याने मात्र खंडी कधी पाहिलेली नसते. तो विकतो सरकीसकट कापूस आणि मोजतो क्विंटल.

"खंडीभर रुईले दहा-साडेदहा क्विंटल कापूस लागते," भाऊजी म्हणाले. "त्या ब्राझीलवाल्याचा खर्च तू लिवला. गिरणीवाल्याचा लिवला. जहाजाचा लिवला. मग मा‍या दहा क्विंटलाचा खर्च कुठी हाय?"

भाचीने कागद उलटसुलट पाहिला. गिरणीच्या दृष्टीने तो खर्च नव्हताच. तिथे फक्त भाव होता. प्रश्नात तो विचारलेलाही नव्हता. तिने तसे सांगून पाहिले. भाऊजींनी मान हलवली; त्यांना पटले की नाही ते मला कळले नाही. मग ती उठली, आतून कोरा कागद घेऊन आली आणि त्यावर उभी रेघ मारली.

"सांगा बाबा."

नांगरणी, वखरणी, बियाणे, खत. भाऊजी एकेक आकडा आठवून सांगत होते आणि ती लिहीत होती. फवारण्या किती झाल्या यावर थोडा वाद झाला. पाच लिहिल्या, मग सहा केल्या. वेचणीपाशी भाऊजी म्हणाले, "किलोले दहा रुपये."

"बारा," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "शेवटची वेचणी बारानं झाली. अन् बायांचा ऑटो वेगळा."

भाचीने दहा खोडून बारा केले, आणि खाली ऑटोसाठी नवी ओळ काढली.